शनिवारचा आनंद गुरुवारी शिजतो: यहुदी पद्धत घरी आणायची तर काय आधी, काय नंतर

गेल्या दोन-तीन वर्षांत ऑफिसमधल्या आणि आमच्या ठाण्याच्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांनी मला येऊन सांगितलं की तुमचं ते शब्बाथचं (यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत) आम्ही करून बघितलं, पण नाही जमलं. काय केलंत विचारलं की उत्तर जवळपास सारखंच असतं. शनिवारी सकाळी उठले, ठरवलं की आज फोन नाही आणि काम नाही, अकरा वाजता कंटाळा आला, बाराला जेवायला काय करायचं यावरून घरात वाजलं, दोन वाजता फोन परत हातात. मग निष्कर्ष काय, तर हे आपल्याला झेपणारं नाही.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्या लोकांना गावात शनिवार तेली म्हणायचे त्यांच्यातली, कारण आमचे लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे. आता घाणा नाही पण शनिवार आहे. आणि हे सगळे लोक कुठे चुकतायत ते मला दिसतं, त्यांनी शनिवार शनिवारी सुरू केला. तालमुदमध्ये (यहुदी विद्वानांच्या चर्चांचा जुना ग्रंथ) एक साधं वाक्य आहे, ज्यानं शब्बाथच्या आदल्या दिवशी कष्ट केले तो शब्बाथला जेवेल. त्यात सगळं आलं. म्हणून हा लेख क्रमानं लिहिलाय, क्रम मोडू नका, टप्पा 4 वाचायला सोपा वाटला म्हणून तिथून सुरुवात करू नका.

सुरू करण्याआधी

पहिली गोष्ट, मन तयार होण्याची वाट बघू नका. तोरात (बायबलची पहिली पाच पुस्तकं) सिनाय पर्वतापाशी लोक म्हणतात "नाआसे वेनिश्मा", आम्ही करू आणि ऐकू (निर्गम 24:7). करणं आधी आलंय. आपण उलटं करतो, आधी मूड यावा, शांत वाटावं, मग करू. असा मूड येत नाही हो, आठवडाभर लोकलनं गेल्यावर कुणालाच येत नाही.

दुसरी, भाषेची भीती सोडा. शेमा (देव एक आहे असं सांगणारा रोजचा पाठ), प्रार्थना, जेवणानंतरचे आभार हे कुठल्याही भाषेत म्हटलेलं चालतं असं मिश्नातच (तालमुदचा पाया असलेला नियमग्रंथ) स्पष्ट लिहिलंय. मराठीत म्हणा. तुम्ही यहुदी नसाल तर शब्बाथच्या 39 मनाई कामांची यादी पाळायची तुम्हाला गरज नाही, कुणी तसं सांगत असेल तर ऐकू नका. तुम्ही पद्धत उसनी घेताय, धर्म नाही.

तिसरी, सामान. एक झाकणाला फट असलेला डबा, दोन मेणबत्त्या किंवा दोन दिवे, एक स्वच्छ चादर टेबलासाठी (टेबल नसेल तर सतरंजी), काळ्या मनुका, थोड्या लवंगा. बाजारात जाऊन भारी भारी वस्तू आणायच्या नाहीत. आणि 4 आठवडे हाताशी ठेवा, पहिल्या दोन आठवड्यांत शनिवारचं नावसुद्धा काढायचं नाही.

टप्पा 1: डोळे उघडल्यावर 12 शब्द (पहिला आठवडा)

आमच्याकडे जाग आल्यावर अंथरुणातच "मोदे आनी" म्हणतात, बाई असेल तर "मोदा आनी". हिब्रूत मोजून 12 शब्द आहेत. अर्थ असा की जिवंत आणि सदा राहणाऱ्या राजा, तुझे आभार, माझा प्राण तू दयेनं मला परत दिलास, तुझा भरवसा मोठा आहे. यात देवाचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही, म्हणजे हात धुवायच्या आधी, तोंड न धुता, तसंच म्हणता येतं. बसा, आंघोळ करा, आसन घाला असलं काही नाही.

करायचं असं:

1. रात्री फोन उशापासून काढून हात पोचणार नाही अशा जागी चार्जिंगला लावा. गजर हवा असेल तर 200-250 रुपयांचं घड्याळ आणा.
2. जाग आली की उठून बसायच्या आधी आभाराचं एक वाक्य बोला, तोंडानं, ऐकू येईल असं.
3. मग पाय खाली.

इथे चूक काय होते, लोक मनात म्हणतात. मनात म्हटलेलं दुसऱ्या सेकंदाला ऑफिसच्या विचारात मिसळून जातं. ओठ हलले पाहिजेत. दुसरी चूक म्हणजे रोज नवीन वाक्य शोधणं. नको. तेच वाक्य, रोज.

याच टप्प्यात अजून एक गोष्ट, जी सांगताना लोक हसतात पण मी सांगणारच. बाथरूममधून बाहेर आल्यावर हात धुवून म्हणायचे आभार आहेत आमच्यात, "अशेर यात्सार". शरीरात छिद्रं आणि पोकळ्या केल्यास, त्यातलं एखादं बंद पडायला हवं ते उघडलं किंवा उघडं हवं ते बंद झालं तर जगता येणार नाही, असा त्याचा अर्थ. लहानपणी हे मी पाठ म्हणायचे, नुसतं पाठ. मग बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, दहा दिवस नळी होती, नळी काढल्यावर पहिल्यांदा स्वतःहून लघवी झाली तेव्हा बाबा बाथरूमच्या दाराला टेकून उभे राहिले, एक हात ओला, आणि हळूहळू एकेक शब्द म्हणत होते, शेवटपर्यंत. मी टॉवेल घेऊन उभी होते. त्यानंतर मी ते कधी घाईत म्हटलेलं नाही.

तपासा: सातपैकी निदान पाच सकाळी फोनच्या आधी वाक्य आलं का? नसेल तर पुढे जाऊ नका, अजून एक आठवडा हेच.

टप्पा 2: घास घेण्याआधीचा थांबा (दुसरा आठवडा)

रब्बी (धर्मगुरू) मेईर यांनी दिवसाला 100 आभार म्हणावेत असं सांगितलंय. 100 ऐकून घाबरू नका, तुम्ही रोज 10 पासून सुरू करा. सगळ्यात सोपी जागा म्हणजे खाणं.

यात गंमत अशी की एकच आभार सगळ्याला चालत नाही. पोळीसारख्या गव्हाच्या रोटीला वेगळा, झाडावरच्या फळाला वेगळा, जमिनीतून येणाऱ्याला वेगळा, पाणी, मासे, अंडी यांना वेगळा. म्हणजे तोंडात टाकायच्या आधी तुम्हाला विचार करावा लागतो की ही वस्तू आली कुठून. आंबा, नारळ, चिकू झाडाचे. काकडी, गाजर जमिनीचे. आणि केळं? केळं जमिनीचं! कारण केळीचं खोड लाकडाचं नाही, एकदा घड दिला की ते खोड संपतं आणि बाजूनं मुनवा येतो, म्हणून ते झाड धरत नाहीत. माझ्या मुलीला हे कळलं त्या दिवसापासून ती डब्यातलं प्रत्येक फळ हातात घेऊन विचारते हे झाडाचं की जमिनीचं, आणि तेवढ्यात तो थांबा झालेला असतो.

क्रम:

1. पदार्थ आधी हातात घ्या, उजव्या हातात.
2. कुठून आला ते एका वाक्यात बोला, "झाडाचं फळ देणाऱ्या, तुझे आभार" इतकंच पुरे.
3. लगेच एक घास खा. मध्ये बोलू नका. आभार म्हणून मग "अगं मीठ दे" नाही, घास गेल्यावर मीठ मागा.
4. खाऊन झाल्यावर परत एक वाक्य. भूक असताना देव आठवणं सोपं आहे, पोट भरल्यावर आठवणं अवघड, आणि तोरात आज्ञा नेमकी त्याचीच आहे, जेवून तृप्त झालास की आभार मान.

हंगामातल्या पहिल्या फळाला खास आभार आहेत, "शेहेहियानू", आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस आणि या वेळेपर्यंत आणलंस. आमच्याकडे वर्षाचा पहिला हापूस असा खातात. सगळे घरी असतील तेव्हाच पेटी उघडायची, एक आंबा कापायचा, प्रत्येकाच्या हातात फोड, म्हणायचं, खायचं. यरुशलमी तालमुदमध्ये असं आहे की डोळ्यांना दिसलं, खायला परवानगी होती आणि तरी खाल्लं नाही त्याचाही माणसाला जाब द्यावा लागेल, आणि रब्बी एलाझार गरीब होते तरी नाणी साठवून वर्षातून एकदा तरी प्रत्येक जातीचं नवं फळ खायचे. मला हे फार आवडतं. चांगलं खाणं म्हणजे अपराध असं ज्यांना वाटतं त्यांनी हा टप्पा मनापासून करावा. जांभळं, करवंदं, ताडगोळे, जे गाडीवर पहिल्यांदा दिसेल ते मूठभर आणा, 20-30 रुपयांचं आणा, पण आणा आणि थांबून खा.

जपून: हे दुसऱ्याला शिकवण्याचं हत्यार करू नका. "जगात किती लोक उपाशी आहेत आणि तू भाजी टाकतेस" हे आभार नाहीत, ही बोलणी आहेत. मुलं दोन दिवसांत सोडून देतील.

टप्पा 3: डबा

हा टप्पा लोक हमखास गाळतात, त्यांना वाटतं आनंदाचा आणि पैसे देण्याचा काय संबंध. राम्बाम (मायमोनिडीज, मध्ययुगातले मोठे यहुदी विद्वान) सणाच्या नियमांत लिहितात की जो दारं लावून आपल्या बायकोपोरांबरोबर खातो-पितो आणि गरिबाला देत नाही, त्याचा तो आनंद आज्ञेचा आनंद नाही, नुसता पोटाचा आनंद आहे. इतकं स्पष्ट.

दानाला आमच्यात "त्सदाका" म्हणतात, या शब्दाचं मूळ न्यायाशी जोडलेलं आहे. दया आली म्हणून दिलं असं त्यात नाही, देणं लागतो म्हणून दिलं. पूर्वीपासूनचं माप कमाईच्या 10 टक्क्यांचं, आणि देता देता स्वतः कंगाल होऊ नये म्हणून वरची मर्यादा 20 टक्के. तुम्ही सुरुवातीला टक्के मोजू नका. डबा दिव्यांच्या जागेजवळ ठेवा आणि रोज एक नाणं टाका, रोज. राम्बामनीच दुसरीकडे म्हटलंय की एकदम हजार नाणी एकाला देण्यापेक्षा एकेक नाणं हजार वेळा दिलेलं बरं, कारण हजार वेळा हात उघडल्यानं माणसाला देण्याची सवय लागते. महिन्याच्या शेवटी यूपीआयनं एकरकमी पाठवलं तर पैसे पोचतील, पोचायलाच हवेत, पण हाताला सवय लागणार नाही. म्हणून नाणं.

डबा भरला की कुठे द्यायचं ते आधीच ठरवा. राम्बामनी दानाच्या 8 पायऱ्या सांगितल्यात, त्यातली सगळ्यात वरची म्हणजे माणसाला काम, भागीदारी किंवा कर्ज देऊन असं उभं करणं की त्याला पुन्हा मागावं लागू नये. सगळ्यात खालची, तोंड वाकडं करून देणं. मधल्या पायऱ्यांवर कुठेही उभे राहा, फक्त खालची नको.

इथेच एक मोठी चूक. बेन झोमा या जुन्या विद्वानांचं वचन सगळीकडे फिरत असतं, श्रीमंत कोण, जो आपल्या वाट्यात आनंदी आहे तो (मिश्नातला पिर्के आबोथ हा भाग, 4:1). लोक हे वाचून घरकाम करणाऱ्या मावशींना सांगतात की आहे त्यात समाधान मानावं. हे चूक आहे, पूर्ण चूक. बेन झोमा याला पुरावा म्हणून स्तोत्रातलं वाक्य देतात, "तू आपल्या हातच्या कष्टाचं खाशील तेव्हा तू सुखी". म्हणजे कष्टाचा वाटा आधी हातात पडला पाहिजे. हे वचन स्वतःला म्हणायचं आहे, ज्याचा वाटा आपण देणं लागतो त्याला ऐकवायचं नाही.

तपासा: डब्यात निदान 10 नाणी झाली का? सकाळचं वाक्य अजून चालू आहे का? दोन्ही हो असेल तरच शनिवारकडे वळा.

टप्पा 4: गुरुवार आणि शुक्रवार (खरं काम इथे)

आता नीट वाचा. तालमुदमध्ये मोठमोठ्या विद्वानांची यादी आहे, शब्बाथसाठी कोण स्वतः काय करायचा त्याची. राव हिस्दा बीट चिरायचे. रब्बा आणि राव योसेफ लाकडं फोडायचे. रावा माशाला मीठ लावायचे. राव पाप्पा वाती वळायचे. यांच्या हाताखाली माणसं नव्हती असं नाही, पण ते काम त्यांनी स्वतःच्या हातानं करायचं ठरवलं होतं. म्हणून पहिला नियम, घरातल्या प्रत्येकानं एक काम हातानं करायचं. नवऱ्यानं, सासऱ्यांनी, पोरांनी, सगळ्यांनी. सगळं एकट्या बाईनं उपसलं आणि बाकीचे संध्याकाळी येऊन बसले तर त्या घरात शब्बाथ तिचा सोडून सगळ्यांचा होतो.

गुरुवारी:

1. कपडे धुणं. एझ्रा या प्राचीन शास्त्र्यांच्या नियमांत कपडे गुरुवारी धुवावेत असंच आहे, शब्बाथसाठी.
2. बाजार. शुक्रवारी संध्याकाळी मासळी बाजारात धावाधाव करायची नाही.
3. मनुका भिजत घाला. बाहेरच्या देशांत लोक किद्दुशला (शब्बाथच्या सुरुवातीला पेला हातात घेऊन म्हणायचा आशीर्वाद) वाईन घेतात, आमच्याकडे कोकणात पिढ्यान् पिढ्या मनुकांचं सरबत. पाव किलो काळ्या मनुका तीन-चार पाण्यांनी धुवा, बुडतील एवढ्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी हातानं कुस्करून स्वच्छ फडक्यातून गाळायचं. फडकं पिळताना बोटांच्या फटीतून तो गडद तांबूस रस येतो, आजी शेवटचा पिळा मला द्यायची आणि मग फडकं उलगडून दाखवायची की बघ, चोथा कोरडा झालाय का. अजून कोरडा हवा असायचा तिला, नेहमीच.

शुक्रवारी:

1. शनिवारचं जेवण शुक्रवारीच शिजवून ठेवा. दुपारी काय खायचं हा प्रश्न शनिवारी घरात उठताच कामा नये. आमच्याकडे मटणात नारळाचं दूध पडतं, मांसाबरोबर दुधाचं काही खायचं नाही म्हणून, आणि तसा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो. तुम्ही शाकाहारी असाल तर बिरडं करा, ते पण मुरतं. रस्सा निवल्यावर फ्रिजमध्ये टाकायला विसरू नका, आपल्याकडच्या उकाड्यात रात्रभर बाहेर ठेवलेलं नारळाचं काही टिकत नाही.
2. अर्धवट कामं कागदावर लिहा. न दिलेलं बिल, न पाठवलेला मेल, बँकेचं काम. लिहा, घडी घाला, ड्रॉवरमध्ये टाका. हे फार महत्त्वाचं आहे. जुन्या ग्रंथात एक प्रश्न आहे, सहा दिवसांत तू तुझं सगळं काम कर असं म्हटलंय, पण कुठल्या माणसाचं सगळं काम सहा दिवसांत होतं? उत्तर असं की होत नाही, पण सगळं झालंय असं धरून विसावा घे. डोक्यात असलेलं काम झालंय असं धरता येत नाही, कागदावर असलेलं येतं.
3. ज्यांना तुमची काळजी वाटेल त्यांना आधीच फोन करा. माझी मावशी इस्राएलमध्ये दिमोनाला असते, आपल्याकडे संध्याकाळ होते तेव्हा तिच्याकडे अजून दुपार, तिची कढई गॅसवर असते, मागे आवाज येतो. दोन मिनिटं बोलतो, शब्बाथ शालोम म्हणतो, ठेवतो.
4. फोन, पाकीट, लॅपटॉप कपाटात. आमच्यात "मुक्त्से" म्हणून कल्पना आहे, त्या दिवशी जे वापरायचं नाही त्याला हातच लावायचा नाही, उचलून इकडचं तिकडेही करायचं नाही. ही युक्ती भारी आहे. टेबलावर पालथा ठेवलेला फोन तुम्हाला हाक मारत राहतो.
5. आंघोळ, धुतलेले कपडे. घरातच असलात तरी.

जपून: घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ, आजारी कुणी असेल तर एक साधा कीपॅडचा फोन चालू ठेवा. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथचे सगळे नियम बाजूला पडतात, हा नियम पक्का आहे, त्याला "पिकुआख नेफेश" म्हणतात. गोळ्या, डॉक्टर, रिक्षा, हॉस्पिटल, यात क्षणभरही विचार करायचा नाही.

टप्पा 5: दिवा

दिवे सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावायची सर्वसाधारण पद्धत आहे. आपल्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य 6 च्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला 7:20 च्या आसपास, म्हणजे दर आठवड्याला वेळ थोडी सरकते. कॅलेंडर बघून वेळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. ट्रेन चुकवायची नाही तशी ही वेळ. "पाच मिनिटांत येतो" इथे चालत नाही, सूर्य थांबत नाही.

मिश्नात सांगितलंय की अंधार पडत आला की घरात तीन गोष्टी विचाराव्यात: दशमांश काढला का, एरूव (शब्बाथला वस्तू इकडून तिकडे नेता याव्यात म्हणून आधी करून ठेवायची सोय) लावला का, आणि दिवा लावा. तुमच्यासाठी हे असं करा: डब्यात नाणं टाकलं का, कुणाला काही कळवायचं राहिलं का, चला दिवा लावूया. आणि त्यावर तालमुदमध्ये जी सूचना आहे ती फ्रिजवरच्या कागदावर वेळेच्या खाली लिहून ठेवा: हे मऊ आवाजात विचारायचं, म्हणजे लोक ऐकतील. सगळ्यात जास्त भांडणं शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा याच वेळात होतात, माझ्या घरीसुद्धा. शब्बाथला घरात आग पेटवू नका या आज्ञेचा एक अर्थ रागाची आग असाही लावतात. म्हणून दिव्याच्या आधीची 10 मिनिटं मोकळी ठेवा, तेवढ्यात एखादं काम राहिलं तर राहू दे. केर राहिला तरी चालेल, ओरडणं नको.

मग क्रम:

1. दिवे स्टीलच्या थाळीत ठेवा, पडद्यापासून लांब, पंख्याच्या झोतात नको. ते आपोआप विझू द्यायचे असतात म्हणून जागा आधी नीट निवडा, आणि झोपायला जायच्या आधी विझले ना ते बघा.
2. नाणं डब्यात.
3. दिवे लावा, हात डोळ्यांवर घ्या, आभाराचं वाक्य. डोळे उघडा.
4. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्या. गणना 6 मधल्या तीन ओळी आहेत, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो, तिथून सुरू होणाऱ्या. आठवडाभर अभ्यासावरून बोलणी खाल्लेल्या पोराच्या डोक्यावर काही न सुनावता हात ठेवलात की ते काय होतं ते बघा. मोठी मुलं आधी लाजतात, टाळतात, ठेवाच.
5. मनुकांचं सरबत, मग रोटी, मग जेवण.

पैशांची ओढाताण असेल तर काय आधी? तालमुदमध्ये याचंही उत्तर आहे. दिवा किंवा किद्दुशची वाईन यातलं एकच परवडत असेल तर घरचा दिवा आधी, कारण अंधारात घरात शांती राहत नाही. म्हणजे पक्वान्नं करायला जमलं नाही म्हणून आठवडा सोडायचा नाही. खिचडी करा, दिवा लावा.

टप्पा 6: शनिवार

आता, इतकं केल्यावर, शनिवारी करायला फारसं उरत नाही. उशिरा उठा. चांगलं जेवा. झोपा, दुपारची झोप हा शब्बाथचा अधिकृत आनंद आहे. चालायला जा. शेजाऱ्यांकडे बसा. आमच्यात तीन जेवणं असतात, शुक्रवार रात्र, शनिवार दुपार आणि सूर्य कलल्यावर तिसरं, हलकं.

अकराचा कंटाळा तुम्हालाही येणार. येऊ द्या. पहिले दोन शनिवार सकाळी अकरा ते एक हा काळ जड जातो, हात सारखा खिशाकडे जातो. त्या वेळासाठी आधीच एक हाताची गोष्ट ठेवा, पत्ते, कॅरम, जुने फोटो, मुलांबरोबर गच्ची. तिसऱ्या आठवड्यापासून फरक पडतो.

लोक इथे दुसऱ्या टोकाला जातात आणि शनिवारचंही टाइमटेबल करतात, 9 ला योगा, 10 ला वाचन, 11 ला मुलांशी दर्जेदार वेळ. तो परत ऑफिसचाच दिवस झाला. यशया संदेष्ट्यानं शब्बाथला "ओनेग" म्हटलंय, म्हणजे रमणं, सुख घेणं, आणि त्या दिवशी धंद्याचं बोलणं टाळायला सांगितलंय. फ्लॅटचा हप्ता, पोराचे मार्क, कुणाचं प्रमोशन, हे विषय रविवारी. आणि पाठीमागे बोलणं तर नाहीच, त्यानं तिघं मरतात असं तालमुद म्हणतं, बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याबद्दल बोललं तो.

तिसऱ्या जेवणाला मी बेन झोमांचे चार प्रश्न आठवड्यावर लावते. या आठवड्यात कुणाकडून काय शिकलास? (शहाणा तो, जो प्रत्येकाकडून शिकतो.) कुठे स्वतःला आवरलंस? तुझ्या वाट्यातलं काय आवडलं? कुणाला मान दिलास? प्रत्येकानं एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, कुठलंही. मागे एकदा मुलगी म्हणाली की रिक्षावाल्या काकांनी तिला सिग्नलवर थांबून सुट्टे कसे पटकन मोजायचे ते शिकवलं. आठवड्याभरात ती हे घरी बोललीच नव्हती, आम्ही तरी कुठे विचारलं होतं.

शनिवारी ऑफिस असेल त्यांनी शुक्रवारची संध्याकाळ घ्या, दिव्यापासून झोपेपर्यंत, आणि ती पूर्ण घ्या. अर्धा शनिवार फोन बंद आणि अर्धा चालू असं करू नका, त्यात दोन्ही जातं.

जपून, दुःखाबद्दल: घरात नुकतं कुणी गेलं असेल तर या लेखातलं काहीही त्या माणसावर लादू नका. आमच्यात पहिले सात दिवस शोकाचेच असतात, आणि भेटायला गेलेल्यानं आधी बोलायचंही नसतं, शोक करणारा बोलेपर्यंत गप्प बसायचं. रडण्याचा काळ आणि हसण्याचा काळ असं बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकातच आहे. आणि जर आठवडेच्या आठवडे झोप नाही, भूक नाही, जगणं नको वाटतं असं असेल तर तो डॉक्टरांचा विषय आहे, दिव्यांचा नाही, लगेच जा.

टप्पा 7: बंद करणं

सुरुवातीइतकाच शेवटही करावा लागतो आणि तो जवळपास सगळेच विसरतात. शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. तेव्हा "हावदाला" करतात: सरबताचा पेला काठोकाठ, लवंगांची पुडी, आणि एकापेक्षा जास्त वातींची मेणबत्ती (दोन मेणबत्त्यांच्या ज्योती एकत्र धरल्या तरी चालतं). लवंगा सगळ्यांनी हुंगायच्या, घरात हातोहात फिरवायच्या. ज्योतीच्या उजेडात आपली नखं बघायची. मग ज्योत विझवून "शावुआ टोव", आठवडा चांगला जावो.

हे न करता सात वाजता थेट कपाट उघडून फोन काढलात तर दीडशे मेसेज एकदम अंगावर येतात आणि सगळा दिवस पाच मिनिटांत पुसला जातो. हावदाला करा, भांडी घासा, ड्रॉवरमधला कामांचा कागद काढा, वाचा. त्यातलं निम्मं आता तितकं मोठं वाटत नाही, जे वाटतं त्याच्यापुढे रविवारची वेळ लिहा. फोन सगळ्यात शेवटी.

मोठे आभार, मलिदा

परीक्षा पास झाली, दुखणं बरं झालं, नवस फिटला, घर घेतलं, अशा वेळी आमच्यात एलियाहू हनाबींच्या (एलिया संदेष्टा) नावानं मलिदा करतात. पोहे भिजवून त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, ताटाच्या कडेनं फळं. तुम्ही मलिदाच करावा असं नाही, पण चांगली बातमी आली की चार लोकांना बोलावून गोड खाऊ घालायची काहीतरी ठरलेली रीत घरात असू द्या, व्हॉट्सॲपवर फोटो टाकून मोकळं होऊ नका. याच एलियाहूंची तालमुदमध्ये एक गोष्ट आहे. रब्बी बेरोका बाजारात त्यांना विचारतात की इथे "येणाऱ्या जगाचा", म्हणजे मरणानंतरच्या जगाचा, वाटेकरी कोण आहे. एलियाहू दोन माणसं दाखवतात. बेरोका जाऊन विचारतात तुम्ही काय करता, तर ते म्हणतात आम्ही लोकांना हसवतो, कुणी खिन्न दिसला की त्याला हसवतो, दोघं भांडताना दिसले की मेहनत करून त्यांच्यात समेट घडवतो. शनिवारी संध्याकाळी चालायला निघालात तर बिल्डिंगमध्ये कोण एकटं आहे ते बघा आणि बेल वाजवा.

एखादा आठवडा मोडला तर

मोडतो. लग्न निघतं, पाहुणे येतात, परीक्षा असते. तेव्हा सगळं सोडू नका, सकाळचं वाक्य आणि डब्यातलं नाणं चालू ठेवा, त्याला वेळ लागत नाही. आणि परत सुरू करताना "या शुक्रवारी करूच" म्हणून शुक्रवारी दुपारी घाई करू नका, पुढच्या गुरुवारची वाट बघा. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसमधून येताना पाव किलो काळ्या मनुका घ्या, घरी आल्यावर चपला काढल्या की आधी त्या धुवून भिजत घाला.